ज्वालामुखी खडकांतील समस्थानिक आणि खोल प्रावरण

ज्वालामुखी खडकांतील काही मूलद्रव्यांच्या समस्थानिकांची (अणुक्रमांक समान परंतु द्रव्यमानांक भिन्न असणाऱ्या एकाच मूलद्रव्याच्या अणुप्रकारांची) परस्पर प्रमाणे अचूकपणे मोजून, ज्या खोलवरच्या द्रव्यापासून तो खडक निर्माण झाला त्या द्रव्याचे स्वरूप, वय व पूर्वेतिहास यांविषयी अनुमाने काढण्याच्या शास्त्रास समस्थानिक भूरसायनशास्त्र म्हणतात. पृथ्वीचे प्रावरण म्हणजे कवचाच्या तळापासून सु. २,८९० किमी. खोलीपर्यंतचा थर होय. पृथ्वीच्या घनफळाचा चार-पंचमांशाहून अधिक भाग या थराने व्यापला आहे. परंतु मानवाने खणलेले सर्वांत खोल छिद्र सु. १२ किमी.च आहे. यामुळे प्रावरणाचे प्रत्यक्ष नमुने मिळविण्याचा ज्वालामुखी हाच मुख्य मार्ग ठरतो. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या खडकांनी व्यापला आहे, ते दक्षिण ट्रॅपचे बेसाल्ट या अभ्यासाचे एक महत्त्वाचे क्षेत्र आहे. ठाणे, कल्याण व डोंबिवली ही शहरे याच खडकांवर वसलेली आहेत.

ठाणे-कल्याण परिसरातील खडक : ठाण्याची खाडी व उल्हास नदीचे खोरे यांच्या सभोवतीच्या टेकड्या लाव्ह्याच्या एकावर एक साचलेल्या थरांच्या बनलेल्या आहेत. कळवा-मुंब्र्याच्या पार्सिक टेकड्या, कल्याणच्या दक्षिणेकडील मलंगगड आणि त्यापलीकडे दिसणारी माथेरानची डोंगररांग ही याची ठळक उदाहरणे होत. १८५४ मध्ये सुरू झालेला ठाणे-कल्याण लोहमार्ग पार्सिकच्या डोंगरात बोगदे खणूनच पुढे नेण्यात आला. १९१६ मध्ये खुला झालेला सु. १·३ किमी. लांबीचा पार्सिक बोगदाही याच खडकात आहे. अंबरनाथ येथील शिलाहारकालीन शिवमंदिर (शके ९८२, इ. स. १०६०) याच काळ्या दगडात उभारलेले आहे. रुळांखालील खडी आणि घरांच्या पायांचा दगडही बहुधा हाच असतो.

कल्याण स्थानकापासून लोहमार्गाच्या दोन शाखा फुटतात. ईशान्येकडील शाखा कसाऱ्यावरून थळ घाटाने इगतपुरीस, तर आग्नेयीकडील शाखा नेरळ व कर्जतवरून बोर घाटाने खंडाळ्यास जाते. १९८० नंतरच्या दशकात सह्याद्रीतील लाव्हाथरांचे रासायनिक गुणधर्मांनुसार गट पाडण्यात आले, तेव्हा त्यांपैकी अनेक गटांना (शैलसमूहांना) याच परिसरातील गावांची नावे मिळाली. खालून वर या क्रमाने जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी व भीमाशंकर हे कळसूबाई उपगटाचे. खंडाळा व बुशे हे लोणावळा उपगटाचे. आणि पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा व देसूर हे वाई उपगटाचे शैलसमूह होत. डोळ्यांना हे सर्व खडक जवळजवळ सारखेच काळे-करडे दिसतात. त्यांच्यातील भेद प्रामुख्याने रासायनिक विश्लेषणाने व समस्थानिकांच्या प्रमाणांवरून स्पष्ट होतात.

सह्याद्रीच्या कड्यावर हे थर जवळजवळ आडवे आहेत. परंतु पनवेल व कल्याण यांच्या आसपासच्या पट्ट्यात ते पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राच्या बाजूस, वाकलेले आढळतात. या संरचनेस पनवेल वळण म्हणतात. मुंब्र्याजवळच्या टेकड्यांतील थरांचा पश्चिमेकडील कल हा त्याचाच भाग आहे. या परिसरात लाव्हाथरांना छेदून जाणाऱ्या उभ्या भित्तीही पुष्कळ आढळतात. भेगांतून वर चढणारा शिलारस तेथेच थिजून त्या बनल्या. पृष्ठावर पसरलेला लाव्हा कोणत्या वाटेने वर आला, हे अशा भित्तींवरून शोधता येते.

मूलतत्त्व : काही समस्थानिक स्थिर असतात, तर काही किरणोत्सर्गी असून त्यांचे ठराविक वेगाने दुसऱ्या मूलद्रव्यात रूपांतर होते. रुबिडियम-८७ पासून स्ट्राँशियम-८७ तयार होते (अर्धायुष्य सु. ४९·६ अब्ज वर्षे); समॅरियम-१४७ पासून निओडिमियम-१४३ (सु. १०६ अब्ज वर्षे), तर युरेनियम-२३८, युरेनियम-२३५ व थोरियम-२३२ यांपासून अनुक्रमे शिसे-२०६, शिसे-२०७ व शिसे-२०८ तयार होतात. स्ट्राँशियम-८६ व निओडिमियम-१४४ यांचे प्रमाण व्यवहारात कायम राहत असल्याने स्ट्राँशियम-८७ / स्ट्राँशियम-८६ आणि निओडिमियम-१४३ / निओडिमियम-१४४ ही गुणोत्तरे मोजतात. ज्या द्रव्यात रुबिडियम जास्त, त्यात पहिले गुणोत्तर काळानुसार झपाट्याने वाढते. ज्यात ते कमी, त्यात ते मंदपणे वाढते.

प्रावरणाचा अंश वितळतो तेव्हा रुबिडियम हे स्ट्राँशियमापेक्षा, आणि निओडिमियम हे समॅरियमापेक्षा, अधिक सहजतेने द्रवात जाते. असा द्रव वर येऊन खंडीय कवच बनते व उरलेले प्रावरण या मूलद्रव्यांच्या बाबतीत निकृष्ट होते. त्यामुळे अब्जावधी वर्षांनंतर जुन्या खंडीय कवचातील स्ट्राँशियमाचे गुणोत्तर मोठे व निओडिमियमाचे लहान, तर निकृष्ट प्रावरणात याच्या उलट स्थिती आढळते. जड मूलद्रव्यांची ही गुणोत्तरे खडक वितळल्यामुळे किंवा शिलारस थंड झाल्यामुळे जवळजवळ बदलत नाहीत. म्हणून शिलारस पृष्ठाखाली काही दशक किमी. खोलीवर वेगळा झाला, तरी तो ज्या द्रव्यातून वितळला त्याची दीर्घकालीन खूण त्याच्या समस्थानिकांत टिकून राहते. या पद्धतीचा सर्व आधार हाच आहे.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टाचे वय सु. ६·६ कोटी वर्षे आहे. वजनाने रुबिडियम हे स्ट्राँशियमाच्या एक-विसांश असलेल्या बेसाल्टात एवढ्या काळात स्ट्राँशियमाचे गुणोत्तर केवळ ०·०००१३ ने वाढते. ही वाढ वजा केली, की शिलारसाचे मूळ गुणोत्तर मिळते. याउलट ज्या ग्रॅनाइटात रुबिडियम स्ट्राँशियमाच्या निम्मे आहे, त्यात २·७ अब्ज वर्षांत हे गुणोत्तर ०·७०१ वरून ०·७५ च्या पुढे जाते. दख्खनच्या लाव्ह्याखाली असेच प्राचीन ग्रॅनाइट व पट्टिताश्म आहेत. वर येताना अशा कवचाचा थोडा भाग शिलारसात विरघळला, तरी गुणोत्तरात ते स्पष्ट उमटते.

नमुना व मापन : या अभ्यासासाठी ताजा, न कुजलेला खडक निवडावा लागतो. कोकणातील उष्ण व दमट हवामानात बेसाल्टाचा पृष्ठभाग लवकर कुजतो आणि त्यातील पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट इ. दुय्यम खनिजे भरलेली असतात. असे भाग टाळून खाणीतील किंवा घाटरस्त्याच्या कापातील आतला दगड घेतात. तो फोडून, दळून त्याचे चूर्ण करतात व आवश्यक तर अम्लाने धुऊन नंतरच्या बदलांमुळे आलेले अंश काढून टाकतात. चूर्ण हायड्रोफ्ल्युओरिक व अन्य अम्लांत विरघळवून आयन-विनिमय स्तंभातून स्ट्राँशियम, निओडिमियम व शिसे ही मूलद्रव्ये अलग करतात. त्यानंतर द्रव्यमान वर्णपटमापकाने गुणोत्तरे मोजतात. दशांश चिन्हानंतरच्या पाचव्या स्थानातील फरकही या मापनात महत्त्वाचा असल्याने प्रयोगशाळा धूळविरहित ठेवावी लागते.

लाव्ह्याचे वय ठरविण्यासाठी पोटॅशियम-४० पासून आर्‌गॉन-४० तयार होण्याच्या क्रियेचा (अर्धायुष्य सु. १·२५ अब्ज वर्षे) व झिर्‌कॉन खनिजातील युरेनियम-शिसे गुणोत्तराचा उपयोग होतो. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत आर्‌गॉन पद्धतीने वयनिश्चिती करण्याची राष्ट्रीय सुविधा आहे. या दोन्ही पद्धतींवरून, दक्षिण ट्रॅपचा मोठा भाग क्रिटेशस कल्प संपण्याच्या सुमारास, दहा लाख वर्षांहून कमी काळात ओतला गेला, असे दिसून आले आहे. काही उद्रेक मात्र नंतरचे आहेत. ठाण्यालगत साष्टी भागातील मनोरी व साकीनाका येथील ट्रॅकाइट खडकांचे वय ६·०४ व ६·१८ कोटी वर्षे असल्याचे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले.

कवचाची भेसळ : ज्वालामुखी खडकाकडून प्रावरणाची माहिती घेताना पहिली अडचण अशी, की तो खडक केवळ प्रावरणाची साक्ष देत नाही, वाटेत लागलेल्या कवचाचीही देतो. महाबळेश्वरच्या लाव्हाथरांचा स्ट्राँशियम व निओडिमियम यांच्या समस्थानिकांवर आधारित अभ्यास जे. जे. मॅहोनी, के. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातून व नंतरच्या संशोधनातून असे आढळले, की आंबेनळी शैलसमूहात मूळ स्ट्राँशियम गुणोत्तर सु. ०·७०४ आहे, म्हणजे भेसळ अत्यल्प आहे. याउलट बुशे शैलसमूहात ते सु. ०·७१३ ते ०·७२० पर्यंत आहे. शिलारस व कवच या दोहोंत स्ट्राँशियम सारख्याच प्रमाणात आहे असे धरले, तर ०·७०४ वरून ०·७१५ पर्यंत पोहोचण्यास वरील उदाहरणातील ग्रॅनाइटाची सु. एक-पंचमांश भर पडावी लागेल. प्रत्यक्षात कवचातील खडक विविध प्रकारचे असल्याने हा आकडा केवळ कल्पना येण्यापुरता आहे.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. बुशेच्या खडकाचे मोठे गुणोत्तर हे विलक्षण प्रावरणाचे लक्षण नसून वरच्या कवचाशी झालेल्या संपर्काचे लक्षण आहे. हा भेद न ओळखल्यास प्रावरणाविषयीचे निष्कर्ष चुकतात. म्हणून एकाच गुणोत्तरावर विसंबून न राहता स्ट्राँशियम, निओडिमियम व शिसे या तिन्हींची एकत्रित तुलना करतात आणि कवचाने कमीत कमी बाधित झालेले थर निवडून त्यांवरूनच प्रावरणाचा विचार करतात.

हीच खूण भित्ती व लाव्हाथर यांचे नाते जुळविण्यास उपयोगी पडते. नाशिक-पुणे भागातील, निश्चित अशी एक दिशा नसलेल्या भित्तींची समस्थानिक गुणोत्तरे वाई उपगटातील थरांशी बऱ्याच प्रमाणात जुळतात, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. त्यावरून या उपगटातील लाव्हा एखाद्या मध्यवर्ती मुखातून नव्हे, तर विस्तृत प्रदेशातील भेगांतून वर आला असावा, असे अनुमान निघते.

प्रावरणाची विविधता : एकेकाळी प्रावरण सर्वत्र एकसारखे असावे, अशी समजूत होती. १९६४ मध्ये पी. डब्ल्यू. गास्ट व सहकाऱ्यांनी अटलांटिक महासागरातील असेन्शन व गॉफ या बेटांवरील लाव्ह्यांतील शिसे व स्ट्राँशियम यांची गुणोत्तरे भिन्न असल्याचे दाखविले. या बेटांखाली खंडीय कवच नाही. म्हणून हा फरक प्रावरणातीलच असला पाहिजे. पुढे महासागरी कटकांवरील बेसाल्ट एका निकृष्ट व बऱ्याच अंशी एकजीव स्रोतापासून, तर बेटांवरील बेसाल्ट अनेक प्रकारच्या स्रोतांपासून आलेले आढळले. १९८६ मध्ये ए. झिंडलर व एस. आर. हार्ट यांनी या विविधतेचे स्पष्टीकरण काही मोजक्या मूळ घटकांच्या मिश्रणावरून केले. त्यांपैकी काही घटक म्हणजे फार पूर्वी भूपट्टांबरोबर प्रावरणात बुडालेले महासागरी कवच व गाळ असावेत, असे मानतात. पृष्ठावरील द्रव्य खोल जाते व कालांतराने पुन्हा वर येते, या चक्राचा हा रासायनिक पुरावा होय.

हीलियमाची साक्ष : हीलियम-४ हे युरेनियम व थोरियम यांच्या विघटनातून सतत तयार होत असते. हीलियम-३ मात्र मुख्यतः पृथ्वीच्या निर्मितीच्या वेळी तिच्यात सापडलेले आहे. वातावरणात सु. ७ लाख हीलियम-४ अणूंमागे हीलियम-३ चा एक अणू असतो. महासागरी कटकांवरील बेसाल्टांत हीलियम-३ चे सापेक्ष प्रमाण वातावरणाच्या सु. ८ पट, तर हवाई, आइसलँड, रेयून्यों यांसारख्या काही बेटांवर त्याहून जास्त आढळते. याचा एक अर्थ असा, की या बेटांखालील द्रव्य पृथ्वीच्या आरंभापासून फारसे वितळलेले नाही व त्यातील मूळ वायू निसटून गेलेले नाहीत.

दक्षिण ट्रॅपच्या सामान्य बेसाल्टातील हीलियम लाव्हा पसरताना बहुतांशी निघून गेले. म्हणून ए. आर. बासू व सहकाऱ्यांनी राजस्थानातील मुंडवारा व सरणू-डंडाली येथील, याच ज्वालामुखी घटनेशी संबंधित परंतु थोड्या आधीच्या (सु. ६·८५ कोटी वर्षांपूर्वीच्या) क्षारीय खडकांतील पायरोक्सीन स्फटिकांचे मापन केले. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हीलियम-३ चे सापेक्ष प्रमाण वातावरणाच्या सु. १४ पटींपर्यंत आढळले. हे मूल्य रेयून्यों बेटावरील मूल्याजवळ येते.

रेयून्योंशी संबंध व मतभेद : प्रावरणाच्या खोल भागातून उष्ण द्रव्याचे स्तंभ (पिच्छ) वर येतात, ही कल्पना डब्ल्यू. जे. मॉर्गन यांनी १९७१ मध्ये मांडली. तीनुसार भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत असता, आज रेयून्यों बेटाखाली असलेल्या स्तंभावरून गेला आणि दक्षिण ट्रॅप हा त्या स्तंभाचा पहिला मोठा उद्रेक ठरला. लक्षद्वीप-मालदीव-चागोस कटक, मॉरिशस व रेयून्यों ही त्याची पुढची वाटचाल मानली जाते. १९८७ मध्ये हिंदी महासागरात केलेल्या छिद्रणात मालदीवजवळील बेसाल्ट सु. ५·७ कोटी व चागोसजवळील सु. ४·९ कोटी वर्षांचा निघाला. दक्षिणेकडे जाताना वय घटत जाणे हे या कल्पनेशी सुसंगत आहे.

तथापि प्रश्न सुटला आहे, असे म्हणता येत नाही. भेसळ अत्यल्प असलेल्या आंबेनळी शैलसमूहातील निओडिमियमाचे गुणोत्तर रेयून्योंच्या लाव्ह्यापेक्षा हिंदी महासागराच्या कटकांकडे अधिक झुकते. याचा अर्थ एक तर स्तंभातील द्रव्यात वरच्या प्रावरणाचे मिश्रण झाले, किंवा काही संशोधकांच्या मते लाव्ह्याचा मोठा भाग खोल स्तंभापासून आलाच नाही. खंड ताणले जाऊन भेगा पडल्यामुळे उथळ प्रावरणच वितळले. हीलियम-३ चे मोठे प्रमाणही युरेनियम व थोरियम अत्यल्प असलेल्या जुन्या द्रव्यात टिकू शकते, असा आक्षेप घेण्यात येतो. येथे एक मर्यादा लक्षात ठेवणे आवश्यक आहे. समस्थानिक स्रोताचे वय व तो किती काळ अलग राहिला हे सांगतात. तो किती खोल आहे हे प्रत्यक्ष सांगत नाहीत. खोलीचा निर्णय भूकंप तरंगांच्या अभ्यासाशी तुलना करूनच करावा लागतो.

पृथ्वीच्या बाल्यावस्थेच्या खुणा : काही किरणोत्सर्गी समस्थानिक इतके अल्पायुषी होते, की पृथ्वीच्या निर्मितीनंतर ते लवकरच संपले. हाफ्नियम-१८२ (अर्धायुष्य सु. ८९ लाख वर्षे) पासून टंगस्टन-१८२ व समॅरियम-१४६ (सु. १० कोटी वर्षे) पासून निओडिमियम-१४२ तयार झाले. यांच्या प्रमाणातील फरक पृथ्वीच्या अगदी आरंभीच्या काळातच निर्माण होऊ शकले असते. हवाई व सामोआ येथील आधुनिक लाव्ह्यांत टंगस्टन-१८२ किंचित कमी असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. नंतर रेयून्योंच्या लाव्ह्यांतही असेच आढळले. रेयून्योंच्या लाव्ह्यांत निओडिमियम-१४२ चे सूक्ष्म फरक असल्याचे २०१८ मध्ये दाखविण्यात आले. हे फरक दहा लाखांत काही भाग इतकेच असले, तरी त्यांचा अर्थ मोठा आहे. प्रावरणाचे काही भाग चार अब्जांहून अधिक वर्षे पूर्णतः मिसळल्याविना राहिले आहेत किंवा गाभ्याशी त्यांची देवघेव झाली आहे, असे त्यावरून सूचित होते. आफ्रिका व पॅसिफिक यांखाली प्रावरणाच्या तळाशी भूकंप तरंग ज्यांत मंदावतात अशी दोन प्रचंड क्षेत्रे आहेत. या प्राचीन द्रव्याचा साठा तेथे असावा काय, याचा सध्या शोध चालू आहे.

महत्त्व : दक्षिण ट्रॅपचा लाव्हा आज सु. ५ लाख चौ. किमी. क्षेत्रावर पसरलेला आहे. त्याचा स्रोत खोल स्तंभ होता की उथळ प्रावरण, यावर शिलारसाचे तापमान, उद्रेकाचा वेग व वातावरणात मिसळलेल्या वायूंचे प्रमाण यांविषयीची अनुमाने अवलंबून आहेत. डायनोसॉर व इतर अनेक जीवांचा लोप याच काळात झाला असल्याने हा प्रश्न जीवसृष्टीच्या इतिहासाशीही निगडित आहे.

या संशोधनाचे साधन म्हणजे उघडे पडलेले ताजे खडक. ठाणे-कल्याण परिसरात दगडखाणी, रस्ते व वसाहती यांमुळे टेकड्यांचे स्वरूप बदलत आहे. खाणींमुळे आतला ताजा खडक पाहावयास मिळतो हे खरे. परंतु एखादी भित्ती किंवा दोन लाव्हाथरांमधील संधी एकदा खडीत रूपांतरित झाली, की तिची नोंद कायमची नाहीशी होते. एका थराचा दुसऱ्याशी असलेला संबंध केवळ प्रयोगशाळेतील चूर्णावरून पुन्हा जुळविता येत नाही. म्हणून महत्त्वाच्या छेदांचे नकाशे, छायाचित्रे व नमुने वेळीच जतन करणे हे समस्थानिकांच्या मापनाइतकेच आवश्यक आहे.